स्काऊट-गाईड पथकातले साहसी उपक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये आणि खुल्या पथकांमध्ये काम करणारे स्काऊट मास्टर, गाईड कॅप्टन आणि पालक नेहमी विचारतात. उत्तरं दहा ते सतरा वयोगट डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

सहावीत चाळीस मुलं नाव देतात, नववीत सातच उरतात. असं का होतं?

शिकवणी, दहावीचं वर्ष, मोबाइल ही कारणं सगळेच सांगतात आणि ती खोटीही नाहीत. पण त्याच नववीतली मुलं फुटबॉलला पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असतात. पथकाची वर्षभराची नोंदवही काढा आणि मोजा : कवायत, ध्वजवंदन, पाहुण्यांना सलामी, रॅलीत संचलन आणि स्कार्फची इस्त्री यांत किती तास गेले, आणि मुलांनी स्वतः ठरवून काही केलं असे तास किती? बहुतेक नोंदवह्यांत दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपासही नसतो.

लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. तिथे वीस मुलांचे चार संघ केले होते : लांडगा, बैल, कर्ल्यू (लांब चोचीचा पाणपक्षी) आणि डोमकावळा. प्रत्येक संघाला आपला नायक होता. माग काढणं, होडी वल्हवणं, रात्रीचा पहारा हे सगळं संघानेच करायचं होतं. आपण त्यातले गणवेश आणि सलामी टिकवली आणि नेमका संघ हातचा सोडला. मुलं जातात ती या कारणाने.

साहसी उपक्रम म्हणजे झिपलाइन, रॅपलिंग वगैरे ना? आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत.

नाही. एखाद्या रिसॉर्टमध्ये कमरेला पट्टा बांधून घेतला, कोणीतरी मागून ढकललं आणि दहा सेकंदांत पलीकडे पोचलो, यात मुलाने एकही निर्णय घेतलेला नसतो. मजा येते, पण दुसऱ्यांदा जाताना ती निम्मी होते. याउलट सहा मुलांच्या हातात नकाशा आणि होकायंत्र देऊन चार किलोमीटरवरचं मारुतीचं देऊळ शोधायला सांगा. वाट फुटली की कोणीतरी ठरवावं लागतं, चुकलं तर परत यावं लागतं, आणि वाद होतात. साहस तिथे असतं. खर्च एसटीच्या तिकिटाएवढा.

झिपलाइन किंवा रॅपलिंग करायचंच असेल तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केलेल्या संस्थेकडूनच करा आणि नोंदणीचं प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहा. पथकाच्या खोलीतला जुना दोर घेऊन कड्यावरून मुलं उतरवणं हा गुन्ह्याइतका मोठा बेजबाबदारपणा आहे. ज्या दोराने आधी तंबू ताणले किंवा ओझं ओढलं, तो माणसाच्या वजनासाठी बाद.

संघनायकाला नेमकं काय सोपवायचं? सोपवलं तर गोंधळ होतो.

गोंधळ होणारच, आणि थोडा होऊ द्यायचा असतो. सहा ते आठ जणांचा संघ, त्याचा एक नायक आणि एक उपनायक. वयं मिसळलेली हवीत, म्हणजे सहावीच्या मुलाशेजारी नववीचा. सगळे सातवीतले एका संघात आणि सगळे नववीतले दुसऱ्यात अशी वर्गवार विभागणी केली की संघपद्धती मेली असं समजा. मोठ्याकडून लहान शिकण्याची सोय उरत नाही.

सोपवायच्या गोष्टी टप्प्याटप्प्याने वाढवा. पहिल्या महिन्यात हजेरी आणि संघाचा डबा, म्हणजे दोर, प्रथमोपचार पेटी, काडेपेटी यांची मोजदाद. दुसऱ्या महिन्यात हायकचा, म्हणजे पायी भटकंतीचा, जेवणाचा बेत आणि त्याची खरेदी. सहा जणांच्या खिचडीला साधारण अर्धा किलो तांदूळ आणि दोनशे ग्रॅम मूगडाळ पुरते. मुलं हमखास दीड किलो आणतात. आणू द्या, उरलेला भात पाहून पुढच्या वेळी स्वतःच मोजतील. तिसऱ्या महिन्यात हायकचा मार्ग, तो मानसभेत मांडायचा. मानसभेला सगळे संघनायक आणि तुम्ही, एवढेच. तिथे तुम्ही फक्त एका गोष्टीवर नकाराधिकार ठेवा : सुरक्षितता. बाकी कंटाळवाणा मार्ग निवडला, चुकीचा बेत केला, तरी बोलू नका. हे शिक्षकाला फार जड जातं. त्यासाठी एक साधी युक्ती म्हणजे हायकला संघाच्या मागे पन्नास पावलं चालायचं. पुढे चाललात की मुलं तुमच्याकडे पाहतात, नकाशाकडे नाही.

पहिली हायक कुठे न्यावी, आणि वेळेचा हिशेब कसा करावा?

जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर, तीनशे मीटरच्या आत चढ, वाटेवर कड्याची बाजू नसलेली आणि परतीला एसटी किंवा रेल्वे असलेली जागा घ्या. मुंबई-पुण्याच्या पथकांसाठी मळवली स्टेशन, भाजे गाव, लेणी आणि लोहगड ही चांगली निवड आहे, फक्त गडापर्यंत गेलात तर अंतर आणि चढ याहून थोडे जास्त धरा. गडावर पायऱ्या आहेत आणि वाटेवर वस्ती आहे. पावसाळ्यातले शनिवार-रविवार मात्र टाळा. त्या गर्दीत मुलं मोजता येत नाहीत. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, म्हणून पहिल्याच वर्षी तिथे जायचा मोह होतो. दोन वर्षं थांबा, मुलांना वाट पाहायला काहीतरी हवं.

मोठ्यांसाठीचा नेहमीचा ठोकताळा ताशी पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त, असा आहे. पाठीवर सॅक घेतलेल्या बारा वर्षांच्या मुलांसाठी सह्याद्रीत ताशी तीन किलोमीटर धरा, आणि चढाला मोठ्यांच्या दीडपट वेळ. म्हणजे आठ किलोमीटर आणि तीनशे मीटर चढ असेल तर चालण्याचे दोन तास चाळीस मिनिटं, चढाची पंचेचाळीस मिनिटं, शिवाय दर तासाला दहा मिनिटं विश्रांती : एकूण चार तास. जेवण आणि गड पाहणं वेगळं. हा हिशेब संघाला करायला लावा आणि परतल्यावर प्रत्यक्ष वेळेशी ताडून पाहू द्या. तिसऱ्या हायकपर्यंत अंदाज पंधरा मिनिटांच्या फरकावर येतो.

पाणी माणशी तीन लिटर, उन्हाळ्यात चार. बाटल्या निघताना स्वतः हातात घेऊन तपासा. 'भरली आहे सर' वर विश्वास ठेवू नका. अर्धी भरलेली बाटली हे हायकवरच्या चक्कर येण्याचं पहिलं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे सकाळी न खाता निघणं.

मंकी ब्रिज बांधायचा आहे. साहित्य किती लागेल, आणि दरवेळी तो लुळा का पडतो?

मंकी ब्रिज म्हणजे एका दोरावर पाय ठेवून आणि हातांनी दोन दोर धरून ओलांडायचा पूल. वीस फुटांच्या पुलासाठी लागेल ते असं :

- आठ फुटी बांबू चार आणि पाच फुटी दोन. भरीव किंवा जाड सालीचे घ्या. कोकणात माणगा उत्तम. तीन वर्षांचा जून बांबू हवा. कोवळा बांबू हिरवागार दिसतो आणि लॅशिंगखाली, म्हणजे बांबू एकमेकांना दोराने बांधतात त्या बांधणीखाली, चेपतो.
- पाय ठेवायचा दोर वीस-पंचवीस मिलिमीटर जाडीचा, पन्नास फूट.
- हातांचे दोन दोर, बारा-चौदा मिलिमीटर, प्रत्येकी पंचावन्न फूट.
- लॅशिंगसाठी सहा मिलिमीटरचे सहा तुकडे, प्रत्येकी पंधरा फूट.
- हात आणि पायाचे दोर जोडायला बारा फुटी सात तुकडे.
- दोन्ही टोकांना मिळून बारा मजबूत खुंट आणि गोणपाटाचे चार-पाच तुकडे.

दोर घायपाताचा किंवा मनिला घ्या. बाजारात स्वस्त मिळणारा निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर बांबूवर घसरतो आणि गाठ आपोआप सुटते. तो कपडे वाळत घालायला ठेवा.

दोन आठ फुटी बांबू जमिनीवर फुलीसारखे ठेवा. फुली मधोमध नको, खालच्या बाजूला हवी : उभं केल्यावर ती जमिनीपासून तीन फुटांवर यावी. फुलीवर डायगोनल (तिरप्या वेढ्यांचं) लॅशिंग, खाली पाच फुटी आडवा बांबू दोन्ही पायांना स्क्वेअर (चौकोनी वेढ्यांच्या) लॅशिंगने. अशा दोन चौकटी. फुलीच्या बेचक्यात गोणपाट घालून त्यावर पायाचा दोर, आणि वरच्या दोन टोकांना क्लोव्ह हिच या गाठीने हातांचे दोर.

आता लुळेपणाबद्दल. पहिली चूक लॅशिंगमध्ये होते. मुलं बांबूभोवती तीन वेढे घेतात आणि गाठ मारून मोकळी होतात. ते वेढे आवळणारे दोन वेढे बांबूंच्या मधून, आडवे घ्यायचे असतात. लॅशिंग घट्ट होतं ते त्यांच्यामुळे. पहिल्या वेढ्यापासून ओढत यायचं. शेवटी एकदम ओढून काही होत नाही. बांधून झाल्यावर बांबू हातात धरून पिरगाळा. 'कर्र' आवाज आला तर सोडून पुन्हा.

दुसरी चूक खुंटांची. एकच जाड खुंट ठोकून त्याला तिन्ही दोर बांधले की तो तासाभरात पुढे कलतो. पुढे तीन खुंट, त्यामागे दोन, त्यामागे एक अशी रांग करा. पुढच्या खुंटाचा माथा मागच्या खुंटाच्या पायाशी बांधायचा. उलट, म्हणजे पायाकडून माथ्याकडे बांधलं तर मागचा खुंटच उपटतो. खुंट पुलाच्या उलट दिशेला किंचित झुकवून ठोका. मुरमाड जमिनीत धरतात. काळ्या मातीत पाऊस होऊन गेल्यावर अजिबात भरवसा नाही. तिथे मांडीएवढ्या बुंध्याची झाडं शोधा आणि सालीला गोणपाट गुंडाळा. खुंट किंवा झाड चौकटीपासून निदान दहा फूट मागे हवं.

तिसरी चूक शिक्षक करतात : पूल तारेसारखा ताणायचा. मधोमध मूल उभं राहिल्यावर दोर जितका कमी झुकेल तितका त्यावरचा ताण वाढतो. वीस फुटांत एक फूट झोळ पडत असेल तर पन्नास किलोच्या मुलामुळे दोरात साधारण अडीचशे किलोचा ताण येतो. तोच झोळ अर्ध्या फुटावर आणला तर पाचशे किलोचा. दोन फूट झोळ ठेवला की सव्वाशेवर येतो. मुलं भौतिकशास्त्राच्या तासाला बलांचा हा समांतरभुज चौकोन पाठ करतात. इथे तो पायाखाली कळतो. दीड-दोन फूट झोळ ठेवा. मधे पाय जमिनीपासून फूटभरच वर राहतील, आणि तेच हवं आहे. उंच पूल फोटोसाठी असतो.

एका वेळी एकच जण, आणि बाहेरून दोर हलवणाऱ्याला त्या दिवशी पुलावर पाळी नाही. दोर नवा असेल तर दहा-बारा जण गेल्यावर तो लांबतो. सगळं थांबवून पुन्हा ताणा.

नकाशा आणि होकायंत्र मुलांना कंटाळवाणं वाटतं. काय करावं?

फळ्यावर शिकवलं तर वाटणारच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे सरकारी संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. आपल्याच गावाचं पान छापा. पहिली दहा मिनिटं मुलं स्वतःचं घर शोधण्यात घालवतील, ती घालवू द्या. मग समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. सपाट मैदानावर त्या समजावू नका. बटाटा अर्धा कापून उपडा ठेवा, पेनाने दर अर्ध्या सेंटिमीटरवर आडव्या रेषा ओढा आणि वरून पाहायला सांगा. रेषा जिथे जवळ आल्या तिथे चढ खडा, हे एका बटाट्यात कळतं.

पावलांचं माप प्रत्येकाने स्वतःचं काढायचं. शंभर मीटर मोजून घ्या, फक्त डावा पाय पडेल तेव्हा मोजा. मोठ्या माणसाची बासष्टच्या आसपास येतात, सातवीतल्या मुलाची सत्तर ते पंच्याहत्तर. हा आकडा स्काऊटच्या डायरीत पहिल्या पानावर. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आत असतो, त्यामुळे सुरुवातीला त्याची दुरुस्ती शिकवायची गरज नाही. होकायंत्र चुकतं ते बहुधा दुसऱ्या कारणाने : ते मोबाइलजवळ, पट्ट्याच्या लोखंडी बक्कलजवळ किंवा विजेच्या तारांखाली धरलेलं असतं.

माग काढण्याच्या खुणा अजून कोणी खेळतं का?

खेळवल्या तर अगदी कॉलेजची मुलंही खेळतात. एक संघ वीस मिनिटं आधी निघतो : दगडांचा बाण, 'इकडे नको' ची फुली, चौकटीत आकडा म्हणजे तितक्या पावलांवर चिठ्ठी, आणि शेवटी वर्तुळात ठिपका म्हणजे 'मी घरी गेलो'. खुणा रस्त्याच्या उजवीकडे, पन्नास-साठ पावलांवर. खडूने भिंती रंगवू नका, आणि मागून येणाऱ्यांनी प्रत्येक खूण पुसत यायची. कसर राहिली तर दुसऱ्या दिवशी गावातलं कोणीतरी तुमच्या वर्तुळात जादूटोणा शोधतं.

बिनभांड्याचा स्वयंपाक घेतला, अर्धे बटाटे कच्चे आणि अर्धे कोळसा झाले.

ज्वाळेवर भाजले असणार. ज्वाळा विझून निखारे पांढुरके झाल्यावर, राखेत पुरून, लिंबाएवढे बटाटे पंचवीस-तीस मिनिटं.

त्यापेक्षा थंडीत, वालाच्या शेंगा आल्या की, रायगडकडची पोपटी करा. त्यात भांडं आहे, पण मातीचं. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला. त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मधे बटाटे, कांदे, अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडात पाला गच्च दाबायचा. पाणी थेंबभरही नाही. पाला आणि शेंगांच्या ओलाव्यावरच शिजतं. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती आणि वर पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडा. चर्र होऊन तत्क्षणी उडून गेले की झालं. पाला सैल बसला तर उपडं करताना सगळं खाली येतं आणि खालच्या शेंगा करपतात. भांबुर्डा ओळखणारं माणूस गावातलंच घ्या. भलता पाला नको. ही चूल शेतात, मालकाला विचारून. गडकिल्ल्यांच्या संरक्षित स्मारकांवर आणि अभयारण्यात आग पेटवायची नाही.

धोके कोणते धरून चालायचे?

मुलं आणि पालक सापांना घाबरतात. प्रत्यक्षात पथकाला जास्त गाठतात ते पाणी, ऊन, आग्या माश्या आणि वीज.

धरण, खाण, डोह, धबधब्याखालचा कुंड : पोहणं नाही. पोहता येणाऱ्यांनाही नाही. नियम एकच आणि अपवाद नसलेला ठेवला की वाद होत नाहीत.

आग्या माश्यांची पोळी कड्यांना आणि बुरुजांना लटकलेली असतात. धूर, अत्तर, डिओडरंट आणि आरडाओरड यांनी त्या उठतात. उठल्याच तर चेहरा स्कार्फने झाकून, हात न झाडता, वेगाने दूर जायचं. पाण्यात उडी मारायची नाही. काटा नखाने किंवा कार्डाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ सुजले तर तातडीने दवाखाना.

मे-जून आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडमाथ्यावर विजा पडतात. त्या महिन्यांत एक वाजेपर्यंत उतरायला लागायचं, ढग असोत वा नसोत.

साप चावला तर मुलाला चालवू नका, चावलेला भाग हलू देऊ नका. आवळून बांधणं, कापणं, चोखणं नाही. 108 ला फोन करून प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात. साप पकडायच्या किंवा मारायच्या मागे लागू नका.

अतिसार किंवा उन्हाचा त्रास यासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर उलटीच होते. चव अश्रूंपेक्षा खारट नको, असं मुलांना सांगा, लक्षात राहतं.

किती मोठी माणसं बरोबर हवीत? मुलींच्या आया परवानगी देत नाहीत.

दर आठ मुलांमागे एक प्रौढ, आणि संघ एकच असला तरी कमीत कमी दोन. एक जण जखमी मुलाबरोबर गेला तर दुसरा उरायला हवा. गाईड कंपनीबरोबर, म्हणजे मुलींच्या पथकाबरोबर, बाई असायलाच हव्यात, मुक्कामाला दोन.

परवानगी न देणाऱ्या आईला मुक्कामाची सोय, स्वच्छतागृह कुठे आहे, पाळी आली तर काय, रात्री कोण जागं असेल, फोन कधी येईल हे जाणून घ्यायचं असतं. आपण तिला 'व्यक्तिमत्त्व विकास' सांगतो. परवानगीपत्रावर ही पाच उत्तरं लिहून द्या. पहिल्या हायकला दोन आयांना बरोबर घ्या. त्या गावात परतल्यावर जे बोलतील ते तुमच्या दहा पालकसभांनी होणार नाही. मुलगे चूल पेटवतील आणि मुली भाकऱ्या थापतील अशी वाटणी मात्र पहिल्याच दिवशी मोडा.

पंधरा-सोळाच्या मुलांना हे सगळं पोरकट वाटतं.

वाटतंच, आणि त्यांच्यासाठी पायरी बदलावी लागते. त्यांना मार्ग दाखवू नका, अट द्या : दोन दिवस, माणशी ठरावीक पैसे, एक मुक्काम, परतल्यावर गावातल्या पाणवठ्यांचा नकाशा. भारत स्काऊट्स आणि गाईड्सची राष्ट्रीय साहस संस्था मध्य प्रदेशात सातपुड्यातल्या पचमढीला आहे. तिथली शिबिरं याच वयाला खेचतात. जिल्हा कार्यालयात तारखांची चौकशी वर्षाच्या सुरुवातीलाच करा, जागा लवकर भरतात. स्काऊट-गाईडच्या राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्काराची तयारीही अशा मोहिमांमधून करता येते. नुसत्या वहीवर करवून घेतलेली तयारी चाचणी-शिबिरात दोरापाशी उघडी पडते.

एखादं मूल पुलाच्या मध्यावर घाबरून थांबलं तर?

'चल चल, काही होत नाही' नको, टाळ्या नकोत. बाकीच्यांना पाठ फिरवून उभं करा. एकाच माणसाने बोलायचं, हळू : नजर पलीकडच्या चौकटीवर, आधी एक हात, मग पाय. मागे यायचं म्हणालं तर मागे. संघाने त्यावर नंतर शेरा मारला तर तो संघनायकाने मिटवायचा.

शिट्टीचे संकेत कोणते?

एक लांब : शांत, लक्ष द्या. आखूड-आखूड लागोपाठ : जमा व्हा. तीन आखूड आणि एक लांब : संघनायकांनी या. आखूड-लांब आलटून पालटून : धोका. डोंगरात हरवल्यास मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. शिट्टी सॅकमध्ये नको, गळ्यातल्या दोरीला.